मातीचं वजन

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, घरातही नाही. सुपडाच्या शेतात गांजा मोजताना काटा वीस किलोच्या अलीकडे थांबला होता, आणि "मुळासकट मोजा ना साहेब" हे वाक्य माझं होतं. पोलीस नव्हते बोलले. मी बोललो. सरकारचा कृषी सहायक, त्या दिवशी छाप्याला पंच म्हणून नेलेला मी.

त्या वाक्यामुळे सुपडा आत गेला, आणि अजून आत आहे.

ते वाक्य कोणाच्या तोंडून निघालं हे शोधण्यात ज्या माणसानं आपलं म्हातारपण घातलं, तो माझा घरमालक होता. संग्रामपूरला मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो, ते खाली. कॉलेजात जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांना सगळे सर म्हणत. भाजीवाल्या म्हणत, मशिदीतले मौलाना म्हणत, त्यांची बायकोसुद्धा सरच म्हणायची. मीही इथे सरच म्हणतो. नाव लिहायचा मला हक्क नाही.

सर म्हणजे आठवडी बाजाराच्या डोक्याला ताप. पिशवीत दात घासायचा एक जुना ब्रश असायचा. अद्रक घ्यायचं झालं की ढिगाऱ्यासमोर उकिडवे बसायचे, ब्रश काढायचे आणि एकेका तुकड्याच्या बेचक्यांतली माती घासून पाडायचे. मगच पारड्यात. ओल्या शेंगा असल्या तरी तेच.

"सर, पावभर अद्रक घेऊन राह्यले का आंघोळ घालून राह्यले तिले?" बाई ओरडायची.

"अद्रक मी इकत घेतो. माती तुही आहे, तुह्यापाशी ठेव."

"एवढीशी माती हो सर!"

"एवढीशी असो. माह्या पैशानं माती जात असली त मले सातबारा करून दे."

आजूबाजूचे हसायचे. बाई पण हसायची आणि शेवटी स्वतःच झटकून द्यायची. मी मात्र हसायचो नाही. ही सवय त्यांना सुपडाच्या केसनंतर लागली होती, आणि मला ते माहीत होतं. म्हणून बाजाराच्या दिवशी काहीतरी काम काढून मी त्यांच्यासोबत जायचं टाळायचो.

दुसरी खोड पेपरची. 'लाखोंचा गांजा जप्त' अशी बातमी आली की चहा बाजूला. फोटो ठरलेला असायचा. पुढे हिरव्या झाडांचा ढीग, मागे अधिकारी छाती काढून उभे, आणि कोपऱ्यात खाली मान घातलेला एक माणूस, ज्याच्या पायात बहुतेक चप्पल नसायची. सर त्या वार्ताहराला फोन लावायचे.

"बाबू, मुळासकट मोजला का बिनमुळाचा?"

"सर, आम्हाले प्रेसनोट येते, तेच छापतो."

"प्रेसनोटमंदी मातीचा भाव काय लावला हेही छापत जाय."

कायदा त्यांना पाठ होता. वर्गात शिकवावा तसा शिकवायचे, आणि मी खिडकीतल्या तुळशीकडे बघत ऐकायचो. कायद्यात गांजा म्हणजे झाडाच्या शेंड्याचा फुलोरा. नुसता पाला नाही, दांडा नाही, मूळ तर नाहीच नाही. झाड लावणं हा गुन्हाच आहे, पण त्यात शिक्षा कमी द्यायची मोकळीक जजच्या हातात असते. वजन वीस किलोच्या वर गेलं की तो धंद्याचा माल होतो. मग जामीन मिळणं महामुश्कील, आणि दहा वर्षांच्या खाली शिक्षा द्यायची म्हटली तरी देता येत नाही. "आता सांग कृषी," सर म्हणायचे. मला ते कृषीच म्हणत. "जज काय करीन? जजच्या आधी काट्यानं फैसला करून टाकला."

सर स्वतः विडीच्या वासानंही खोकायचे. लवंगेशिवाय काही तोंडात टाकत नसत. नशेची बाजू ते घेत नव्हते. त्यांचा राग कुठून आला ते चाचींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला एकदा सांगितलं. सरांचे मोठे भाऊ खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, खायचे. तोंडाचा कॅन्सर झाला. शेवटच्या महिन्यात गाल आरपार गेला होता. डॉक्टरनं मॉर्फिनची गोळी लिहून दिली. ती गोळी घेऊन यायला सर या गावाहून त्या गावाला फिरले. कोणत्याच मेडिकलवाल्यानं ठेवलेली नव्हती. परवाना, तपासणी, एक गोळी इकडची तिकडे झाली तर कोर्ट, कोण भानगडीत पडणार? एकानं तर दुकानात माणसं असताना सांगितलं, "सर, अफूची वस्तू आहे ते, मोठ्यानं नाव घेऊ नका." भाऊ ओरडत गेले. शेजाऱ्यांनी तेवढे दिवस मुलं दुसरीकडे झोपवली.

"आणि अफू पिकते कोठी?" सर मला विचारायचे. उत्तराची वाट बघायचे नाहीत. "हा सातपुडा उतरून पलीकडं गेलं का मध्यप्रदेश. तेथी सरकार परवाना देऊन अफू पिकवते. भांगेचं दुकानही सरकारी ठेक्याचं आहे तेथी. भांग काय न् गांजा काय, तेच झाड आहे रे, कृषी! डोंगराच्या त्या बाजूनं दुकान आणि या बाजूनं दहा वर्षं. झाडाले मालूम नाई का आपण कोणत्या राज्यात उगवलो ते."

एका वर्षी गावातल्या शाळेनं नशाविरोधी दिनाला त्यांना पाहुणे बोलावलं. ज्येष्ठ माणूस, शिवाय फुकट येणारे. मीही गेलो होतो, आमच्या खात्याला हजर राहायचा आदेश होता. ठाणेदार व्यासपीठावर, शेजारी मुख्याध्यापक, समोर चटईवर पोरं. सरांनी सुरुवात बरी केली.

"पोराहो, गांजा ओढू नका. गुटखा खाऊ नका. दारू पिऊ नका. दारूचं दुकान शाळेपासून किती दूर आहे?"

"जवळच आहे सर!" पोरं एका सुरात.

"परवाना कोण देते?"

एक पोरगी म्हणाली, "सरकार." मुख्याध्यापकांनी टाळी वाजवून बघितली. कोणी साथ दिली नाही.

मग सर सुटले. अमेरिकेनं साऱ्या जगाच्या मागे लागून हे कायदे करायला लावले, असं ते म्हणाले, आणि आज त्याच अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत हाच गांजा दुकानात बिल करून मिळतो, वर सरकारला टॅक्स. तेथी तो बेपार, इथी तो गुन्हा. कोलंबियात विमानातून विष फवारलं. कोकाच्या, म्हणजे कोकेनच्या झाडाच्या, मळ्यावर फवारलं म्हणे, पण वाऱ्याला कोणता मळा ते कळत नाही, गरिबाचं खायचं पीक करपलं. फिलिपिन्समध्ये नशा करणाऱ्यांना पोलिसांनी गल्लीत गोळ्या घातल्या, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. "पोर्तुगालनं काय केलं? सापडलेल्याले डॉक्टरकडं धाडलं. तो देश काही बुडाला नाई. आपण कोणाकडं धाडतो? मोठा व्यापारी सापडला का कधी? सापडते तो सुपडा. पोराहो, नशेनं माणूस बिघडते, हे खरं आहे. पण घरातला माणूसच दहा वर्षं उचलून नेला, त अख्खं घर..."

इथे मुख्याध्यापकांनी माइक धरला. सरांनी सोडला नाही. दोघांच्या झटापटीत माइकनं अशी किंचाळी मारली की पहिल्या रांगेतल्या पोरांनी कानांवर हात घेतले. ठाणेदार हसत होते. खाली उतरताना सरांना म्हणाले, "सर, वरून आम्हाले इचारतात, यंदा किती किलो. किती लोकं सुधारले हे कोणी इचारत नाई. आम्ही काय करावं?" माणूस वाईट नव्हता. हीच तर चीड येण्यासारखी गोष्ट आहे. त्या साऱ्या प्रकरणात मला एकही राक्षस सापडला नाही. वरच्याला किलो पाहिजे होते, खालच्यानं किलो करून दिले.

आता ते शेत.

सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, नाव सांगत नाही. कोरोनाच्या आधीची गोष्ट. तूर छातीएवढी झालेली, आणि तुरीच्या ओळींत मधे मधे ती झाडं. सुपडा पळाला नाही. विहिरीचं पाणी काढून त्यानं सगळ्यांना पाजलं. वजन करायला पोलिसांकडचा काटा चालेना, तेव्हा झोपडीतून स्वतःचा ताणकाटा आणून दिला, कापूस मोजायचा. त्याला वाटत होतं, उपटून जाळतील, दोन थापडा मारतील आणि जातील.

"साहेब, बी देणारा माणूस वेगळा आहे," तो दोनदा म्हणाला. "तो इथून माल उचलते. नाव सांगू का?"

"तुले इचारलं का बे?" जमादार म्हणाला. नाव कोणी लिहून घेतलं नाही. मग त्याला उचलून रस्त्यावरच्या गाडीजवळ बसवलं.

शिपायांनी विळ्यानं झाडं जमिनीपासून वर कापली होती. गाठोडी बांधली, बांबूला काटा अडकवला, मोजलं. वीसच्या आत. जमादारानं काटा हलवून बघितला. पुन्हा वीसच्या आत. तो बांधावर बसला. "झाली ना बोंब," म्हणाला. "साहेब फोनवर पत्रकारायले सांगून बसले आहेत मोठी कारवाई म्हणून." दुसरा पंच, ग्रामपंचायतीचा माणूस, लांब गाडीच्या सावलीत तंबाखू मळत होता. बोललेलं ऐकू येईल एवढ्या जवळ फक्त जमादार, शिपाई आणि मी.

आमच्या ऑफिसात त्या दिवशी साहेबांचा निरोप समारंभ होता. रोडगे आणि वांग्याची भाजी. मला पोहोचायचं होतं. ऊन लागत होतं, सगळे उगाच बसून राहिले होते. आणि मला हेही दाखवायचं होतं की झाडातलं मला कळतं. हे शेवटचं लिहायला मला सगळ्यात जड जातंय. मी म्हणालो, "कापलं कशाला? उपटायचं असतं. मुळासकट मोजा ना साहेब."

जमादारानं माझ्याकडे बघितलं. "वा! याले म्हणतात शिकलेला माणूस."

आदल्या दिवशीच तुरीला पाणी दिलेलं होतं. खुंटं उपटायला सुपडालाच परत आणलं. तो खाली वाकला, एक खुंट उपटलं आणि मुळाला लोंबणारं ढेकूळ पायावर आपटून झटकलं. दुसरंही झटकलं. निंदणी करणारा कोणीही असंच करतो, हाताला तेच वळण असतं. शिपायानं त्याच्या कानशिलात मारली.

"झटकून राह्यला बे? पुरावा नष्ट करतो?"

"सवय आहे साहेब," सुपडा गाल धरून म्हणाला. "तण उपटलं का झटकतोच आपण."

मग त्यानं झटकलं नाही. ओल्या काळ्या मातीची ढेकळं तशीच्या तशी गाठोड्यात गेली. काटा वीसच्या वर गेला आणि सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. मी सही केली. कागदावर 'फुलोऱ्यासह ओला गांजा' असं लिहिलं होतं. मी वेळेत पोहोचलो. रोडगे गरम होते. मी पोटभर जेवलो.

संध्याकाळी सरांनी जिन्यातच धरलं. "कृषी, मोजलं कसं?"

"पोलिसांनी मोजलं सर. मी लांब होतो."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. सरांनी भिंग घेतलं. ढिगात मुळं दिसत होती. त्या दिवसापासून त्यांचं वेड सुरू झालं. सुपडा त्यांचा कोणी नव्हता, ना विद्यार्थी, ना ओळखीचा. तरी प्रत्येक तारखेला डबा घेऊन एसटीनं कोर्टात जायचे, सुपडाच्या वकिलाच्या मागे लागायचे. वकील वैतागून म्हणायचा, "सर, तुम्ही झाडाचे डॉक्टर, मी माणसांच्या केसा लढतो." सर मला सांगायचे, "शिपाई विळ्यानं कापते, कृषी. दांड्यावर विळ्याचा तिरपा घाव दिसते फोटोत. म्हणजे पहिले कापलं, मंग कोणीतरी डोकं लावलं. मुळासकट हे पोलिसाचं डोकं नाई. हा झाडातला माणूस आहे."

मी "हो सर" म्हणायचो.

सुपडाची बायको एकदा घरी आली. सरांनी बोलावलं होतं. ओट्यावर बसली, चाचींनी चहा दिला तो तसाच हातात धरून. मी जिना उतरत होतो, तर ती उठून उभी राहिली.

"तुम्ही होते ना भाऊ तेथी? हे म्हणत होते, एक कृषीवाले भाऊ भले होते, त्यायनं मले शिवी देली नाई."

मी चप्पल शोधायला लागलो.

"तुम्ही सांगा ना जजले. खरं काय झालं ते सांगा. तुमचं ऐकतीन."

"सांगेन," मी म्हणालो.

कोर्टात माझा नंबर आला तेव्हा सर शेवटच्या बाकावर होते. सुपडा पिंजऱ्यात. त्याच्या वकिलानं विचारलं, मालाला मुळं आणि माती होती का? मी म्हणालो, लक्ष नव्हतं. आधी कापलेला माल वेगळा मोजला होता का? आठवत नाही. मुळासकट वजन करा असं कोणी सांगितलं? आठवत नाही. जमादार दाराजवळ उभा होता, त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, एवढी त्याला खात्री होती. मला नोकरीची भीती होती, हे खरं आहे. पण नुसती नोकरीची नव्हती. सर तिथे बसले होते आणि त्यांच्यासमोर तो झाडातला माणूस मी आहे हे मला म्हणवत नव्हतं.

परतताना एसटीत आम्ही एकाच बाकावर.

"तुले आठवत नाई?" त्यांनी विचारलं.

"नाही सर."

"मले वाटलं होतं, तुले आठवीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याच्या कठड्यावर टकटक झाली. "कृषी, आठवलं का?" पाणी आलं का विचारावं तसं. तिसऱ्या दिवशीही. पुढे रोज. भाडं वाढवलं नाही, खोली सोड म्हणाले नाहीत, ईदला शीरखुर्मा वर पाठवला. आणि रोज सकाळी कठड्यावर टकटक. "आठवलं का?" निकाल लागला, सुपडाला दहा वर्षं झाली. फक्त त्या दिवशी सर आले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा आले.

मी बदली मागून घेतली. उंद्रीला गेलो, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. सांगायचं कारण मुलांचं शिक्षण. सामान टेंपोत भरताना सर खुर्ची टाकून बसले होते. "आठवलं त फोन कर," एवढंच म्हणाले. दोन पावसाळ्यांनी चाचींचा फोन आला, सर गेले. मी मातीला गेलो. चाची म्हणाल्या, "शेवटी शेवटी कोणालेही कृषी म्हणायचे. डॉक्टरलेही."

त्यांना कळलं होतं का? मला वाटतं कळलं होतं. फार आधीच कळलं असेल. ज्या माणसाला दांड्यावरचा विळ्याचा घाव दिसतो त्याला माझं तोंड दिसलं नसेल? मग ते सरळ का बोलले नाहीत, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांना माझ्या तोंडून पाहिजे होतं, कारण कोर्टाला माझ्याच तोंडून चाललं असतं.

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात नशामुक्तीची शपथ झाली. हात पुढे करून सगळ्यांनी म्हटली, मीही म्हटली. फोटो निघाला, ग्रुपवर पडला. समोरच्या रस्त्यावर सरकारमान्य देशी दारूच्या दुकानापुढे सकाळपासून माणसं उभी होती. ज्यानं सुपडाला बी दिलं तो कोण, हे आजही कुठे लिहिलेलं नाही. पायथ्याच्या गावांत दर वर्षी ती झाडं सापडतात, दर वर्षी फोटो येतो, दर वर्षी खाली मान घातलेला एक नवा माणूस. कोणाची नशा सुटली म्हणून फोटो आलेला मी पाहिला नाही. एवढी वर्षं हे चाललंय, आणि आमच्या जिल्ह्यात कॅन्सरच्या माणसाला गोळीसाठी अजून हिंडावं लागतं. मी सरकारी नोकर आहे, असं लिहू नये म्हणतात. मग कोणी लिहावं? काटा पाहिलेला मी आहे.

सुपडाचं अपील नागपूरला पडून आहे. वकील नवा आहे, त्याचा नंबर मी मिळवला आहे, फोन केलेला नाही. शपथेवर खोटं बोललो म्हणून माझ्यावरही केस होऊ शकते, हे मी विचारून ठेवलंय. सुपडाची बायको आता दुसऱ्यांच्या वावरात रोजानं जाते.

मी सुपडाचं एक देणं लागतो. नागपूरच्या कोर्टात जाऊन, माझं नाव सांगून, शपथेवर म्हणायचं की कापलेला माल वीस किलोच्या आत भरला होता, आणि मुळं व माती त्यात घालायला मी सांगितलं. ते मी अजून दिलेलं नाही.